नऊनंतर दहा

४ ऑक्टोबर २०२१ रोजी पायथन या संगणकभाषेची ३.१० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तोवर ३.६, ३.७, ३.८, ३.९ अशी मालिका सुरळीत चालली होती. ३.१० आली आणि अनेक ठिकाणच्या स्वयंचलित चाचण्या भलत्याच पायथनची मागणी करू लागल्या. चाचण्या कोणत्या आवृत्तीवर चालवायच्या हे ज्या फाइलमध्ये लिहिलेले असते, ती बहुधा यामल नावाच्या मांडणीत असते. यामलला ३.१० असा आकडा अवतरणचिन्हांशिवाय दिसला की तो दशांश संख्या समजला जातो आणि दशांश संख्येत शेवटच्या शून्याला काही किंमत नसते. ३.१० चे ३.१ झाले. पायथन ३.१ हे २००९ सालचे, कधीच निवृत्त झालेले. यंत्रणा ते शोधू लागली, तिला ते सापडले नाही आणि चाचण्या सुरू होण्याआधीच थांबल्या. आकडा अवतरणचिन्हांत लिहिला की प्रश्न मिटत होता. पण तो प्रश्न आहे कुठे, हे शोधण्यातच वेळ जात होता.

याच आवृत्तीने आणखी एक जुनी खोड उघडी पाडली. पायथन स्वतःची माहिती एका लांबलचक मजकुरात देते आणि त्याची सुरुवात आवृत्ती क्रमांकाने होते. त्यातली पहिली तीन अक्षरे कापून घेतली की ‘३.९’ हाती येते. हा सोपा मार्ग वर्षानुवर्षे वापरला गेला, पुस्तकांतून आणि उदाहरणांतून पसरला. ३.१० ची पहिली तीन अक्षरे मात्र पुन्हा ‘३.१’ अशीच येतात.

एका ठिकाणी आवृत्ती क्रमांकाला संख्या मानले गेले, दुसऱ्या ठिकाणी अक्षरांची ओळ. तो यांपैकी काहीच नाही. गणिताच्या पाठ्यपुस्तकात पहिल्या प्रकरणाचा नववा सरावसंच १.९ असतो आणि त्यापुढे आणखी एक असलाच तर तो १.१०. तिथे कोणी विद्यार्थी १.१० म्हणजे १.१ असे समजत नाही, कारण मधला बिंदू दशांशचिन्ह नसून दोन मोजण्या वेगळ्या ठेवणारी खूण आहे हे त्याला न सांगता कळते. संगणकाला ते सांगावे लागते. या प्रकरणात मला एवढेच दाखवायचे आहे की हे सांगायचे राहून गेल्यामुळे सॉफ्टवेअरच्या जगाने केवढी किंमत मोजली आहे आणि ते नीट सांगण्याची रीत कोणती.

आधी चूक नेमकी कशी घडते ते पाहू. दोन मजकुरांची तुलना संगणक शब्दकोशाच्या रीतीने करतो: पहिले अक्षर पहिल्याशी, दुसरे दुसऱ्याशी, आणि जिथे फरक दिसेल तिथे निकाल. ‘१.९’ आणि ‘१.१०’ यांत पहिली दोन अक्षरे सारखीच आहेत. तिसऱ्या जागी एकीकडे ९ आणि दुसरीकडे १. नऊ मोठा, म्हणून १.९ नंतरची आणि १.१० आधीची, असा निकाल लागतो. यात घातक भाग असा की कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही. नवी आवृत्ती आली आहे का, असे तपासणारे ॲप शांतपणे ‘तुमच्याकडे सर्वांत ताजी आवृत्ती आहे’ असे सांगत राहते आणि वापरणारा माणूस सुरक्षेच्या दुरुस्तीविना महिनोन्महिने राहतो. पहिल्या नऊ आवृत्त्यांपर्यंत हा कोड अगदी बरोबर चालतो, म्हणून चाचणीतही तो सापडत नाही.

योग्य रीत सोपी आहे. बिंदूपाशी तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा पूर्णांक करायचा, डावीकडून उजवीकडे जोड्या लावत जायचे आणि पहिला फरक दिसताच थांबायचे. ‘थांबायचे’ हा शब्द इथे सगळ्यांत महत्त्वाचा आहे, कारण तुकडे बरोबर पाडणारे प्रोग्रामरही इथेच घसरतात.

विंडोजचे अंतर्गत क्रमांक पाहा. विंडोज एक्सपीचा अंतर्गत क्रमांक ५.१ होता. एखाद्या प्रोग्रामला एक्सपी किंवा त्यानंतरची विंडोज लागत असेल, तर लिहिणारा सहज अशी अट घालतो: मुख्य क्रमांक ५ किंवा अधिक असावा आणि उपक्रमांक १ किंवा अधिक असावा. वाचायला ही अट निर्दोष वाटते. मग विस्टा आली, तिचा क्रमांक ६.०. मुख्य क्रमांक ६ आहे, पहिली अट पुरी झाली. उपक्रमांक शून्य आहे, दुसरी अट मोडली. प्रोग्राम म्हणाला, तुमची विंडोज फार जुनी आहे, मला निदान एक्सपी हवी. मुख्य क्रमांक मोठा निघाल्यावर उपक्रमांकाकडे पाहायचेच नव्हते. अशा अटी किती प्रोग्राममध्ये लिहिल्या गेल्या असतील याचा अंदाज पुढच्या निर्णयावरून येतो. २००९ साली जिला ‘विंडोज ७’ असे नाव देऊन विकले, तिचा अंतर्गत क्रमांक मायक्रोसॉफ्टने ६.१ ठेवला आणि जुने प्रोग्राम चालत राहावेत हे त्याचे कारण म्हणून सांगितले. नाव सात, क्रमांक सहा.

मायक्रोसॉफ्टला हा अनुभव नवा नव्हता. विंडोज ३.१ स्वतःचा क्रमांक ३.१० असा कळवत असे. त्या काळच्या पुष्कळ प्रोग्राममध्ये हीच चूक होती: मुख्य क्रमांक तीनहून कमी किंवा उपक्रमांक दहाहून कमी असेल तर चालायचे नाही. विंडोज ९५ चा खरा क्रमांक ४.० होता. उपक्रमांक शून्य, म्हणजे हे सगळे प्रोग्राम बंद पडणार. तेव्हा जुन्या १६-बिट प्रोग्रामनी विचारले की विंडोज ९५ ने ‘मी ३.९५ आहे’ असे उत्तर द्यायचे ठरले. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी हा किस्सा पुढे लिहून ठेवला आहे. विंडोज ८.१ पासून तर हे धोरणच झाले. प्रोग्रामने सोबतच्या नोंदपत्रात ‘मला ही नवी विंडोज माहीत आहे’ असे जाहीर केलेले नसेल, तर आवृत्ती विचारणाऱ्या जुन्या फंक्शनकडून त्याला ६.२, म्हणजे विंडोज ८, एवढेच उत्तर मिळते. समोर प्रत्यक्षात विंडोज १० असली तरीही.

अशी असत्ये एकट्या मायक्रोसॉफ्टला सांगावी लागली नाहीत. २००९ मध्ये ऑपेरा ब्राउझरची दहावी आवृत्ती आली. दोन अंकी मुख्य क्रमांक मिरवणारा तो पहिला मोठा ब्राउझर. अनेक संकेतस्थळे ब्राउझरच्या ओळखपत्रातला पहिला एकच अंक वाचत होती. त्यांना ऑपेरा १० म्हणजे ऑपेरा १ वाटला आणि इतका जुना ब्राउझर चालणार नाही म्हणून त्यांनी दार बंद केले. ऑपेराने मग ओळखपत्राच्या आरंभी ९.८० असे लिहिले आणि शेवटी, वेगळ्या जागी, खरा १०.०० टाकला. तेरा वर्षांनी हाच पेच एका शून्याने वाढून परतला. मार्च २०२२ मध्ये क्रोम आणि मे महिन्यात फायरफॉक्स शंभरावर पोहोचले. यावेळी दोघांनीही आधीपासून तयारी केली. आपला ब्राउझर शंभर असल्याचे भासवून संकेतस्थळे तपासून पाहण्याची सोय महिनोन्महिने आधी दिली. क्रोमने तर संकट ओढवलेच तर मुख्य क्रमांक ९९ वर गोठवायचा आणि खरा क्रमांक मागच्या तुकड्यात सांगायचा, अशी पर्यायी वाटही बांधून ठेवली होती. ती वापरावी लागली नाही. आगाऊ चाचणीचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

लिनक्सची कथा निराळी. डिसेंबर २००३ पासून २०११ पर्यंत लिनक्सच्या गाभ्याचा क्रमांक २.६ वरच होता. फक्त तिसरा तुकडा वाढत वाढत ३९ वर गेला. इतकी वर्षे जे बदलत नाही ते बदलणारच नाही असे प्रोग्राम गृहीत धरू लागतात. जुलै २०११ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी पुढच्या आवृत्तीला ३.० म्हटले. तंत्रज्ञानात मोठी उडी नव्हती. आकडे फार लांबले होते आणि लिनक्सला वीस वर्षे होत होती, एवढेच निमित्त. काही आठवड्यांतच गाभ्यात एक सोय घालावी लागली: एखादा प्रोग्राम ३.० हे नाव ऐकून अडत असेल तर तेवढ्यापुरते त्याला २.६.४० असे सांगायचे.

ॲपलनेही हेच केले. २००१ पासून मॅकची यंत्रणा १०.० पासून १०.१५ पर्यंत आली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ११ झाली. जुन्या साधनांनी बांधलेल्या प्रोग्रामनी विचारले की तीच यंत्रणा स्वतःला १०.१६ म्हणवते. १०.१६ नावाची मॅक यंत्रणा कधी विक्रीला आलीच नाही.

यातले सगळ्यांत गंभीर उदाहरण आपण रोज हातात वागवतो. बँकेचे ॲप उघडताना, युपीआयने पैसे पाठवताना फोन आणि सर्व्हर यांच्यात टीएलएस नावाचा सांकेतिक करार होतो. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याची १.३ ही आवृत्ती प्रमाणित झाली. नियम असा होता की फोनने आपल्याला येणारी सर्वांत वरची आवृत्ती सांगायची आणि सर्व्हरला ती येत नसेल तर त्याने खालची सुचवायची. प्रत्यक्षात कित्येक सर्व्हर आणि वाटेवरची तपासणी-यंत्रे अनोळखी क्रमांक दिसताच संभाषणच तोडत. खालची आवृत्ती सुचवणे त्यांना नियमाने बंधनकारक असूनही ते कधी तपासलेच गेले नव्हते. शेवटी टीएलएस १.३ ला जुन्या जागी ‘मी १.२ आहे’ असे लिहावे लागले आणि खऱ्या आवृत्त्यांची यादी संदेशाच्या मागच्या भागात, एका वेगळ्या जोडपत्रात द्यावी लागली. त्यातही १.२ हा क्रमांक तारेवर ३.३ असा लिहिला जातो, कारण मूळ एसएसएलची तिसरी आवृत्ती ३.० होती आणि टीएलएस १.० ने तीच मोजणी पुढे ३.१ म्हणून चालवली होती. एका कराराचे जुने कागद फाडता येत नाहीत म्हणून सगळे जग त्याच कागदावर पाठीमागून लिहीत आहे.

या प्रकारातून निघालेला उपाय मला फार मोलाचा वाटतो. गूगलमधील डेव्हिड बेंजामिन यांनी सुचवले की ब्राउझरने या यादीत मुद्दाम अधूनमधून निरर्थक, कुठेही अस्तित्वात नसलेले क्रमांक घालावेत. ज्या सर्व्हरला अनोळखी क्रमांक सोडून देता येत नाही तो पहिल्याच दिवशी उघडा पडेल आणि ती चूक जगभर पसरण्याआधी दुरुस्त होईल. २०२० मध्ये ही कल्पना अधिकृत कागदपत्रांत नोंदली गेली. न वापरलेली वाट बुजते, म्हणून ती सतत चालती ठेवायची.

काही प्रोग्रामर तुकड्यांची कटकट टाळण्यासाठी सगळे तुकडे एकाच पूर्णांकात कोंबतात. तुलना मग एका झटक्यात होते. कल्पना वाईट नाही. प्रत्येक तुकड्याला जागा किती ठेवायची हा खरा प्रश्न आहे. मॅकच्या जुन्या फंक्शनमध्ये शेवटच्या तुकड्याला एकच अंक होता, त्यामुळे १०.४.१० आणि १०.४.११ या दोन्ही आवृत्त्या तिथे १०.४.९ अशाच दिसत. लिनक्सने शेवटच्या तुकड्याला आठ बिट दिले होते, म्हणजे ० ते २५५. एकाच शाखेच्या २५५ दुरुस्त्या निघतील असे तेव्हा कोणाला वाटले असेल? ४.४ ही शाखा इतकी वर्षे सांभाळली गेली की फेब्रुवारी २०२१ मध्ये ४.४.२५६ काढायची वेळ आली. आठ बिटांत २५६ मावत नाही. हातचा एक शेजारच्या तुकड्यात जातो आणि ४.४.२५६ चे ४.५.० होते. ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी त्या दिवशी ४.४.२५६ आणि ४.९.२५६ या दोन आवृत्त्या काढल्या. त्यांत क्रमांकाच्या वाढीखेरीज काहीही बदल नव्हता. कोणाचे काय मोडते ते लोकांना आधी पाहता यावे हा उद्देश. पुढे या पूर्णांकातला शेवटचा तुकडा २५५ वर रोखून धरण्याचे ठरले. एसक्यूलाइट या डेटाबेसने प्रत्येक तुकड्याला हजाराची जागा ठेवली आहे: ३.१०.० म्हणजे ३०१००००. एवढा पैस पुरेसा आहे.

अँड्रॉइडने घेतलेला निर्णय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तिथे प्रत्येक ॲपला दोन क्रमांक असतात. एक माणसांसाठी, त्यात काहीही लिहा. दुसरा यंत्रासाठी, साधा पूर्णांक, जो प्रत्येक नव्या आवृत्तीला वाढलाच पाहिजे. त्याची मर्यादा दोनशे दहा कोटी. नवे कोणते आणि जुने कोणते हे यंत्रणा फक्त दुसऱ्या क्रमांकावरून ठरवते. पहिला कितीही सजवला तरी काही बिघडत नाही.

आतापर्यंत निव्वळ अंकांची गोष्ट झाली. अल्फा, बीटा, आरसी अशी अंतिम आवृत्तीआधीचा टप्पा दाखवणारी अक्षरे क्रमांकाला चिकटली की नियम वेगवेगळ्या दिशांना जातात. गिटहबचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेली आणि २०१३ मध्ये २.०.० या रूपाला आलेली सेमव्हर ही नियमावली आज बरीच मानली जाते. पहिला तुकडा वाढला तर जुना कोड मोडू शकतो, दुसरा वाढला तर भर पडली, तिसरा वाढला तर फक्त दुरुस्ती, असे ते वचन आहे. सेमव्हरमध्ये आडव्या रेघेनंतरचा भाग पूर्वतयारीचा मानतात. म्हणून १.०.०-आरसी ही १.०.० च्या आधीची. त्या भागातही बिंदूला महत्त्व आहे: ‘आरसी.१०’ ही ‘आरसी.२’ नंतर येते, कारण दहा आणि दोन वेगळे तुकडे म्हणून मोजले जातात. पण बिंदू न देता ‘आरसी१०’ लिहिले तर तुलना अक्षरांची होते आणि ती ‘आरसी२’ च्या आधी जाऊन बसते. एका बिंदूने क्रम उलटतो.

आणि हे फक्त एका नियमावलीचे. १.०.०-१ एवढीच अक्षरे घ्या. सेमव्हरच्या मते ही १.०.० च्या आधीची आवृत्ती. पायथनच्या नियमांनुसार ती १.०.० च्या नंतरची, मागाहून केलेली किरकोळ भर. डेबियन लिनक्सच्या लेखी १.०.० या मूळ आवृत्तीचे ते पहिले बांधलेले पॅकेज. आधीची आवृत्ती दाखवायची असेल तर डेबियनमध्ये तरंगरेघ वापरतात आणि ती क्रमात रिकाम्या जागेच्याही आधी येते, म्हणून १.०~आरसी१ ही १.० च्या मागे राहते. तिन्ही नियमावल्या आपापल्या घरी बरोबर आहेत. म्हणून आवृत्त्यांची तुलना करणारे फंक्शन स्वतः लिहू नये. ज्या परिसरात काम चालले आहे तिथले तयार साधन वापरावे: पायथनमध्ये पॅकेजिंग ही लायब्ररी, पीएचपीत भाषेतच असलेले व्हर्जन-कंपेअर, जावात नवव्या आवृत्तीपासून आलेला खास वर्ग, डेबियनमध्ये डीपीकेजीची तुलना-आज्ञा. अगदी फाइलींची यादी लावायची असली तरी लिनक्सच्या सॉर्ट या आज्ञेला आवृत्तीचा क्रम समजणारा पर्याय आहे. त्या साधनांत वर सांगितलेले सगळे अपघात आधीच पचवलेले असतात.

मराठी वापरणाऱ्यांच्या वाट्याला येणारी एक अडचण मात्र या साधनांच्याही आधी उभी राहते आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिले जाते. कोणत्या भाषेत तारीख, आकडे, चलन कसे दाखवायचे याची माहिती युनिकोड संस्था एका मोठ्या संग्रहात ठेवते आणि बहुतेक फोन व ब्राउझर तीच वापरतात. त्यात हिंदीसाठी मूळ अंक इंग्रजी वळणाचे आहेत, मराठीसाठी मात्र देवनागरी. हे योग्यच आहे. पण फोन मराठीत ठेवला आणि ॲपने तीन पूर्णांक जोडून क्रमांकाचा मजकूर तयार केला, तर भाषा वेगळी सांगितली नसल्यास अँड्रॉइड तो देवनागरी अंकांत बनवते. सर्व्हरला मग इंग्रजी अंकांऐवजी ‘२.१०.३’ असे, या पानावर छापले आहे तसेच, मिळते. पुढे काय होईल हे सर्व्हर कोणत्या भाषेत लिहिला आहे त्यावर अवलंबून. पायथन आणि जावा यांना देवनागरी दहाचा पूर्णांक करता येतो, तिथे काम निभावते. जावास्क्रिप्टला ती संख्याच वाटत नाही आणि विनंती फेटाळली जाते. मुंबईतल्या प्रोग्रामरचा स्वतःचा फोन बहुधा इंग्रजीत असतो, त्यामुळे त्याला हे कधी दिसत नाही. दिसते ते लातूरला किंवा सावंतवाडीला, ज्याने फोन आपल्या भाषेत ठेवला आहे त्याला. ॲप मराठीत वापरणाऱ्यालाच ॲप बंद पडावे, हे मला सहन होत नाही. उपाय एका ओळीचा आहे: यंत्राला पाठवायचा मजकूर तयार करताना कोणत्याही देशभाषेशी न बांधलेली ‘रूट’ ही भाषाखूण द्यायची. पडद्यावर आवृत्ती मराठी अंकांत खुशाल दाखवावी, दाखवायलाच हवी. तारेवर मात्र एकच लिपी.

आता समजा, क्रमांक बरोबर वाचला, बरोबर ताडला. तरी तो काय सांगतो? एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीत हार्टब्लीड नावाचे भगदाड उघडकीस आले. १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्या असुरक्षित, १.०.१जी सुरक्षित. पण डेबियन ७ वर दुरुस्ती झाली तेव्हा तिथला क्रमांक १.०.१ई हाच राहिला. स्थिर यंत्रणेत अख्खी लायब्ररी बदलायची नाही, तेवढी दुरुस्ती मागे आणून जुन्या आवृत्तीत बसवायची, अशी डेबियनची शिस्त आहे. दुरुस्तीची खूण फक्त पॅकेजच्या शेपटीत उमटली. रेड हॅट लिनक्सचेही तसेच. ज्यांनी निव्वळ ओपनएसएसएलचा क्रमांक वाचून निकाल दिला त्यांना सुरक्षित सर्व्हर असुरक्षित दिसले. रेड हॅटच्या सातव्या मालिकेचा लिनक्स गाभाही २०१४ पासून अखेरपर्यंत ३.१०.० म्हणूनच ओळखला गेला, आत मात्र पुढच्या कित्येक वर्षांतल्या सोयी आणून बसवलेल्या होत्या.

तेव्हा शक्य असेल तिथे ‘तू कितवी आहेस’ असे न विचारता ‘तुला हे येते का’ असे विचारावे. ब्राउझरमध्ये एखादे फंक्शन आहे का ते तपासून पाहता येते. कार्यप्रणालीला एखादी सोय मागून, नकार आला तर दुसऱ्या वाटेने जाता येते. ‘ॲ’ हे अक्षर घ्या. मराठीची गरज म्हणून ते स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आले ते २००८ च्या ५.१ या आवृत्तीत. त्याआधी ‘अ’ वर चंद्र देऊन काम भागवले जाई आणि आजही संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी लेखने आहेत. एखाद्या फोनवर ते दिसेल का, हे यंत्रणा युनिकोडची कितवी आवृत्ती मानते यावरून ठरवणे धोक्याचे, कारण यंत्रणा नवी आणि फाँट जुना अशी जोडी सहज असू शकते. फाँटमध्ये ते अक्षर आहे का, हा प्रश्न थेट फाँटलाच विचारता येतो आणि उत्तर खरे मिळते.

क्रमांक लिहिण्याच्या बाजूने सांगण्यासारखे थोडके आहे, पण ते पाळले जात नाही. क्रमांक एकाच जागी लिहावा. कोडमध्ये एक, स्थापना-फाइलमध्ये दुसरा, ‘आमच्याविषयी’ या पडद्यावर तिसरा अशा तीन जागा केल्या की घाईच्या दिवशी त्यातली एक राहतेच. मग तक्रार २.३ ची येते आणि शोध २.४ मध्ये चालतो. गिट वापरणाऱ्यांनी आवृत्तीची खूणचिठ्ठी गिटमध्येच लावावी आणि बाकी सर्व ठिकाणी ती बांधणीच्या वेळी आपोआप उमटू द्यावी. गिटची डिस्क्राइब ही आज्ञा तर शेवटची खूणचिठ्ठी, तिच्यानंतर झालेल्या बदलांची संख्या आणि त्या क्षणीच्या कोडची ओळख असे तिन्ही एका ओळीत देते. आणि प्रोग्रामची आवृत्ती नि त्याने साठवलेल्या माहितीच्या मांडणीची आवृत्ती यांची गल्लत करू नये. प्रोग्राम दर महिन्याला बदलेल, मांडणी वर्षातून एकदा. एसक्यूलाइटच्या प्रत्येक फाइलमध्ये मांडणीचा क्रमांक ठेवायला एक पूर्णांकाची जागा राखून ठेवलेली आहे. अँड्रॉइड तिचाच वापर करून जुनी मांडणी नव्यात नेण्याचे काम सुरू करते. मांडणी तीनवरून सहावर न्यायची असेल तर तीनवरून चार, चारवरून पाच, पाचवरून सहा अशी एकेक पायरीने न्यावी.

तुमच्या हातात आज जो कोड असेल त्यात आवृत्ती हा शब्द शोधा. जिथे जिथे ती वाचली किंवा ताडली जाते, तिथे पाच चाचण्या घाला: १.९ च्या पुढे १.१०, ५.१ च्या पुढे ६.०, ९९ च्या पुढे १००, २५५ च्या पुढे २५६, आणि पूर्वतयारीच्या आवृत्तीनंतर अंतिम आवृत्ती. मग फोनची भाषा मराठी करा आणि त्याच पाच चाचण्या पुन्हा एकदा चालवा.